इंटरव्हलनंतरचा पिच्चर

रात्रपाळी करून आलेल्या सुकेशनीने चप्पल दारातच सोडली, ओढणीने मान पुसली आणि टीव्हीच्या मागे हात घालून वायर हलवली. पडदा निळा झाला, काळा झाला, पुन्हा निळा झाला.

"मम्मी, आधी झोप ना थोडं," दिपाली म्हणाली.

"आता झोपले तर उठायची नाही मी. लाव तू मोबाईलवरून."

दिपाली नऊ वर्षांची. उद्या सकाळी तिला पैठणकडच्या निवासी शाळेत नेऊन सोडायचं होतं. वाळूजच्या कंपन्यांत आई एका पाळीला, बाप बिभीषण दुसऱ्या पाळीला. पाळ्या सारख्या बदलायच्या आणि मधल्या वेळात पोर रांजणगावच्या या दोन खोल्यांत एकटी, दाराला बाहेरून कुलूप. शेजारीण तरी किती दिवस बघणार? शाळेचं ठरवताना नवराबायकोचं भांडण झालं नाही, आणि तेच सुकेशनीला जास्त लागलं होतं. भांडायलाही अंगात त्राण लागतं. ठरल्यापासून दिपालीने शाळेबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. नवीन पेटीत कपडे भरताना नुसती हातात घड्या देत राहिली.

म्हणून आजचा हा पिच्चर. सुकेशनीने तो इतकी वर्षं शोधला होता. टीव्हीवर कधी लागला नाही, आणि परवा दिपालीनेच मोबाईलवर चिमटीत धरल्यासारखा शोधून काढला. शाळेत जाताना पोरीच्या मनात काही तरी असावं. सुकेशनीच्या मनात होतं, म्हणून तर तिचं निभावलं.

तिचे आईबाप वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन फिरत. कुणाच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायची, रात्रभर राखायची, पुढचं गाव गाठायचं. अजिंठ्याकडच्या एका जत्रेत सिनेमाचा तंबू आला तेव्हा दोघांनी मिळून एकच तिकीट काढलं. मेंढरांपाशी एक माणूस लागायचाच. इंटरव्हलपर्यंत बाप, इंटरव्हलनंतर आई. दारावरचा माणूस ओळखीचा झालेला, तो आत-बाहेर करू द्यायचा. जत्रा होती तोवर रोज रात्री हेच चाललं. सुकेशनी बापाच्या मांडीवर बसून पहिला अर्धा भाग बघायची आणि त्याच्याच खांद्यावर पेंगत तळावर परत यायची. पुढचं आई सकाळी मेंढरांमागे चालता चालता सांगायची. शहरात धुणीभांड्यांना ठेवलेली ती पोर, आणि शेवटी डोंगर ओलांडून तिला न्यायला पायी आलेली तिची आई. पायाला फोड आलेले, पदरात गुळाचा खडा.

त्याच वर्षी दिवाळीनंतर सुकेशनीला आश्रमशाळेत घातलं. तिथल्या लोखंडी कॉटवर पडून तिने तो शेवट इतक्यांदा पाहिला, की आपण पिच्चर अर्धाच पाहिलाय हे ती पार विसरून गेली.

"आई, आठवतोय ना तुला?" तिने पलंगावर बसलेल्या राजाबाईला विचारलं. नातीला सोडायचं म्हणून म्हातारी कालच गावाहून आली होती.

"न आठवाया काय झालं," राजाबाई म्हणाली आणि गोधडीचा निघालेला दोरा दाताने तोडू लागली.

पिच्चर सुरू झाला. तंबूत केवढे मोठे वाटलेले ते लोक, इथे कपाटाशेजारी अगदीच बारके दिसत होते. रंग उडालेला, गाणी संथ, मालकीणबाईचा थाट आता बघवेना. तरी ठेकेदार शेणात पडला तेव्हा दिपाली खळखळून हसली आणि सुकेशनीला बरं वाटलं. आठवडाभरात पोर पहिल्यांदाच हसली होती.

"आता खरी मजा," इंटरव्हलची पाटी आली तेव्हा ती म्हणाली. "शेवटाला हिची आई येते बघ हिला न्यायला. पायी."

"एवढ्या लांबून?"

"मग? आई ती."

एवढं बोलून तिने भिंतीला पाठ टेकली. डोळे मिटायचे नाहीत असं तिने ठरवलं होतं. पण रात्रभर उभं राहून खोकी भरलेल्या बाईने काय ठरवलं, हे पाठ थोडीच विचारते.

कंडक्टरच्या घंटीने तिला जाग आली. ती खाली कलंडली होती आणि अंगावर गोधडी होती. अर्धवट उघडल्या डोळ्यांनी तिने पाहिलं. पडद्यावर बसस्टँड होता. ती पोर गाठोडं घेऊन खांबाशी उभी होती. बस आली, माणसं उतरली, शेवटचा माणूस उतरला, बस गेली. आई नव्हती. पोरीने गाठोडं उचललं आणि ती आली त्या रस्त्याने, त्याच बंगल्याकडे परत निघाली. तिच्या पाठीवर अक्षरं आली. समाप्त.

सुकेशनीने हात डोळ्यांवर घेतला आणि तशीच पडून राहिली.

"आजी, आलीच नाही तिची आई," दिपाली हळूच म्हणाली.

"व्हय की गं."

"मम्मी तर म्हणाली, येते म्हणून. तूपण पाहिला होतास ना?"

"म्याच सांगितलं व्हतं तिला तसं. मला काय ठाव बाई, येती का नाय येती. दिसभर चालून पायाचे तुकडे पडायचे. तंबूत टेकलं की डोळा लागायचा, तो बत्त्या लागल्यावरच उघडायचा."

"म्हणजे सगळं मनानंच सांगितलंस?"

"तिला साळंत टाकायचं ठरलं व्हतं," राजाबाई म्हणाली. "दुसरं काय सांगू लेकराला?"

सुकेशनीला आधी आईचा राग आला. मग त्या गर्दीत, गाण्याबजावण्यात बसल्याबसल्या झोपलेली ती बाई तिला दिसली. आजच्या सुकेशनीहून लहानच होती ती तेव्हा. राग मनात ठरेना. त्याच्या जागी भीती आली. उद्या पोरगी त्या शाळेच्या फाटकातून आत जाणार, आणि जाताना हे घेऊन जाणार. आपणच दाखवलं. हौसेनं, बोलावून, बसवून दाखवलं.

काहीच पाहिलं नाही असं दाखवावं, एवढंच तिला सुचलं. तिने कूस बदलली, मोठ्याने जांभई दिली.

"संपला का गं?"

"हो."

पुढचं विचारायची तिची हिंमत होत नव्हती. पण झोपलेल्या माणसाने ते विचारलंच असतं.

"आली का तिची आई?"

राजाबाईचा गोधडीवरचा हात थांबला. दिपालीने आजीकडे पाहिलं नाही. उठून टीव्हीचं बटण बंद केलं, वायर नीट गुंडाळली आणि आईपाशी येऊन बसली.

"आली," ती म्हणाली. "बस चुकली होती तिची. म्हणून उशीर झाला."

"लई उशीर?"

"नाही गं, लई नाही." दिपालीने गोधडी आईच्या खांद्यावर ओढली. "तू झोप."