साहेबासाठी राखलेला जिताडा

वेताळखार शहरात गेलं, पण शहर काही वेताळखारात आलं नाही. नळ नाही, गटार नाही, रस्ता तोच, पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ. आला तो फक्त आराखडा. नगरपरिषदेनं आपली हद्द खाडीपर्यंत ओढली, कुठे बाजार, कुठे बाग, कुठे रुंद रस्ता याचा भलामोठा रंगीत नकाशा भिंतीवर टांगला, आणि त्यात चांगदेवच्या घरावर निळा रंग फासला. निळा म्हणजे पाणी. पावसाचं पाणी शहरात घुसू नये म्हणून ते अडवून धरायचं मोठं तळं. घर, अंगण, गोठा, शेवग्याचं झाड, सगळं त्या तळ्याच्या पोटात गेलं होतं.

"अरे, पन आमी हितं राहतो ना!" चांगदेव नकाशासमोर उभा राहून म्हणाला. कुणाला म्हणाला? भिंतीला. शिपायानं त्याला हळूच बाजूला सरकवलं, कारण मागे रांग होती.

त्याच्या मुलानं, जीवननं, त्याला समजावून सांगितलं. जीवनचा एक डंपर होता, ठेकेदारांकडे मुरुमाच्या खेपा करायचा, त्यामुळे सरकारी कचेऱ्यांची भाषा त्याला थोडी कळायची. "बाबा, घर गावठानाच्या भाईर हाय. आपल्याच शेतात बांधलं, पन परवानगी कुठं हाय? कागदावर हितं घरच नाय."

आता गावठाण आजोबांच्या काळात आखलं ते तेवढंच राहिलं, आणि माणसं मात्र वाढत गेली. ती काय एकमेकांच्या खांद्यावर बसून झोपणार होती? पण हे विचारायचं कुणाला? हरकत नोंदवा, सुनावणी होईल, असं सांगण्यात आलं. जीवननं अर्ज केला आणि बापलेक सुनावणीची वाट बघत बसले.

इथे त्या घरामागच्या तळ्याची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. खाडीकाठच्या खारपट्ट्यात जमीन सखल. घर बांधायचं तर जोतं उंच हवं, जोत्याला माती हवी, आणि माती येणार कुठून? घरामागूनच. म्हणजे घर वर आलं की मागे खड्डा आपोआप झाला. त्यात पाणी साचलं की खाडीतून जिताड्याची बोटभर पिल्लं आणून सोडायची. दोन-तीन वर्षांत मासा मांडीएवढा होतो. चांगदेवच्या लेखी हे तळं म्हणजे पाणी नव्हतंच मुळी. गोठ्यात म्हैस तसा तळ्यात जिताडा. ते तळंही घरातच धरलेलं.

आणि त्या भागातली रीत अशी की जिताडा विकायचा नाही, मिरवायचा. जावई आला की जिताडा, मुलीला बघायला आले की जिताडा, आणि साहेब दारात आला की मग तर जिताडाच. चांगदेवचा बाप बुधाजी कुळाची जमीन नावावर व्हावी म्हणून मामलेदाराकडे गेला होता, तो म्हणे ओल्या गोणपाटात गुंडाळलेला जिताडा खांद्यावर टाकूनच. जमीन नावावर झाली. कुळकायद्यानं झाली, हे जगाला ठाऊक होतं. बुधाजीला ते कधीच पटलं नाही. "जिताड्यानं जमीन आनली," हे तो मरेपर्यंत सांगत राहिला, आणि चांगदेव ते ऐकत मोठा झाला.

सुनावणीच्या दिवशी टेबलामागे तीन माणसं होती. दोघं कागद चाळत होती, एक बाई मात्र समोर बघत होत्या. नगररचना खात्याच्या नेत्रा मॅडम. चांगदेवची पाळी आली तेव्हा त्यांनीच विचारलं, "काका, तिथे पाणी साचतं का?"

"थेंब नाय, मॅडम. खडखडीत सुकी जमीन."

"उपग्रहाच्या फोटोत पाणी दिसतंय."

"फोटोवाल्याला वरून काय दिसनार? तुमी या ना आमच्याकडं."

शेजारचे दोघे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "येते. तुमच्या समोरच्या घरातल्या गोदूबाईंचीही हरकत आहे. दोन्ही जागा एकदमच बघते."

बाहेर येताच जीवननं बापाचे खांदे धरून हलवले. बाकी साऱ्या गावाच्या हरकती जागच्या जागी निकालात निघत होत्या. म्हणणं ऐकून घेतलं, या आता. कुणाच्या दारात कुणी जाणार नव्हतं. जाणार ते फक्त यांच्या आणि गोदूबाईच्या. "बाबा, घर वाचतंय!" तो म्हणाला, आणि पोराच्या डोळ्यांत पाणी बघून चांगदेवलाही भरून आलं.

घरी आल्यावर जीवननं पहिलं काम सांगितलं ते तळं बुजवायचं. "उद्याच मुरुमाच्या खेपा टाकतो. दोन दिवसांत सपाट. मॅडमला पानी दिसलं तर त्यांचं तळं हितंच ठेवतील, मग संपलं."

"येडा झालास काय? त्यात जिताडा हाय."

"मग काढू, खाऊ."

"खाऊ? तो साहेबासाठी राखलाय!" चांगदेव उठूनच उभा राहिला. "आराखडा लागला त्या दिवसापासून राखलाय. शिमग्याला पाव्हने आले तरी हात लावला नाय. आन् आता साहेब दारात येनार, तेव्हा काय त्यांच्या हातावर मुरुम ठेवू?"

जीवननं कपाळावर हात मारून घेतला. सखुबाई, त्याची आई, मध्ये पडली. मासा राहू दे, तळं झाकू, असं तिनं ठरवलं. मग तळ्यावर बांबू आडवे टाकून हिरवी जाळी ताणली, तिच्यावर पेंढा पसरला, पुढे सरपण रचलं. लांबून बघितलं तर पेंढ्याची उडवी रचल्यासारखं दिसत होतं. जीवननं बापाला चार-चारदा बजावलं, मॅडमना पुढच्या दारी बसवायचं, मागे न्यायचं नाही. चांगदेवनं मान हलवली. त्याच्या मनातही तसंच होतं, खोटं कशाला बोला.

मॅडम आल्या त्या उन्हातून, छत्रीशिवाय, सोबत मोजणीचा एक माणूस. आधी गोदूबाईकडे गेल्या, मग इकडे. अंगणात उभं राहून त्यांनी जोत्याची उंची मोजून घेतली. विजेचं मीटर पाहिलं. भिंतीवरची जुनी घरपट्टीची पाटी पाहिली. खोटं कशाला सांगा, बाई चांगल्या होत्या. चपला काढून ओटीवर आल्या, सखुबाईनं दिलेलं पाणी एका दमात प्यायल्या आणि आणखी मागितलं. सखुबाई तिथेच विरघळली.

"घर जुनं आहे," मॅडम म्हणाल्या. "सर्वेक्षणात सुटलंय, ही चूक आमचीच. आणि जमीन तर कोरडी दिसते. आराखड्यातलं तळं थोडं पलीकडे सरकवता येईल. मी तशी शिफारस करते. अंतिम निर्णय वरून होतो, पण सहसा माझं ऐकतात."

जीवननं ओटीच्या खांबाला घट्ट धरलं. सखुबाई पदर डोळ्यांना लावून आत पळाली, बाईमाणूस अशी दारातून कशी पाठवायची, ओटी भरायला हवी म्हणून नारळ शोधायला. आणि चांगदेव? चांगदेवचं काय झालं ते त्याचं त्यालाच कळलं नाही. छाती अशी भरून आली की तिथे उभं राहवेना. बापानं शिकवलेलं एकच त्याच्या डोक्यात होतं. ज्यानं आपलं घर राखलं तो आपल्या दारातून रिकाम्या हातानं गेला, तर आपण कसले?

जीवन मॅडमना गोठा दाखवत होता. तेवढ्यात चांगदेव मागे गेला. सरपण दूर केलं, पेंढा उधळला, जाळीचं एक टोक उचललं, आणि पाण्यात उतरून फेकायचं जाळं, म्हणजे पाग, टाकला. पहिल्याच फेकीत आला. आणि काय आला! चंदेरी, जाडजूड, शेपटी आपटत, दोन हातांत मावेना. कंबरेपर्यंत भिजलेला चांगदेव तो छातीशी धरून अंगणात आला, तोंडभर हसत.

"घ्या मॅडम! घरचा हाय. आत्ता काढला, जिवंत हाय बघा!"

जीवननं डोळे मिटून घेतले.

मॅडम माशाकडे बघत राहिल्या, मग चांगदेवच्या धोतरातून गळणाऱ्या पाण्याकडे. "आत्ता काढला?" त्यांनी विचारलं. आवाज मऊच होता. "कुठून काका?"

तेव्हा कुठे चांगदेवच्या डोक्यात उजेड पडला. तोंडावरचं हसू तसंच राहिलं, नुसतं आतून विझलं. हातातला जिताडा धडपडत होता आणि त्याला तो धड धरताही येईना, टाकताही येईना.

मॅडम मागे गेल्या. जाळीच्या उघड्या टोकाशी उभ्या राहिल्या. मोजणीच्या माणसानं न सांगताच टेप काढला. खाडीला भरती होती, आणि झिरपून तळ्याचं पाणी काठाला लागलं होतं. नारळ, तांदूळ, हळदकुंकू घेऊन बाहेर आलेली सखुबाई गोठ्यापाशीच थबकली.

"मॅडम, ते तळं नाय," चांगदेव म्हणाला. "म्हंजे तळं हाय, पन पानी नाय. घरचं हाय ते. तुमाला मासा नको तर परत सोडतो."

"मासा नको काका. मला तो घेता येत नाही." त्यांनी विस्कटलेल्या पेंढ्याकडे बघितलं. "तुम्ही झाकलं नसतंत तरी मी काहीतरी वाट काढली असती. आता काय लिहू? जे पाहिलं ते मला लिहावं लागेल. हा माणूसही सोबत आहे."

"माझी चूक हाय, मॅडम, घराची नाय! घराला कशाला?"

सखुबाईनं पुढे केलेली ओटी मात्र मॅडमनी पदरात घेतली, दोन दाणे परत ताटात टाकले, रीतीप्रमाणे. गाडीत बसताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. चांगदेवनं जिताडा पुन्हा तळ्यात सोडला. तो क्षणभर आडवा तरंगला आणि मग सुळकन खाली गेला.

त्या दिवशी जीवन बापाला जे बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही. "बुधाजीच्या जिताड्यानं आनलं, तुज्या जिताड्यानं घालवलं," एवढं तरी सांगतो.

पावसाळा गेल्यावर निकाल आला. जागेवर पाण्याचं तळं आढळलं, अर्जदारानं ते झाकून ठेवलं होतं, तळ्याचं आरक्षण योग्य, हरकत अमान्य. गोदूबाईचं घर वगळलं होतं. मॅडमनी पाहिलं ते लिहिलं होतं, तिचंही आणि यांचंही. जीवनला तेच जास्त लागलं. मॅडम लबाड निघाल्या असत्या तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. तो मुंबईला मंत्रालयात दोन चकरा मारून आला. आराखड्यावर सही झाली होती. गोदूबाई एकदा बोलायला म्हणून आली, दाराशी बसली आणि उठून गेली. वाचलेल्या माणसानं बुडालेल्याला काय सांगावं?

मग एके सकाळी माणसं आली आणि घराच्या भिंतीवर लाल रंगानं खूण करून गेली. जोत्यावर, गोठ्याच्या खांबावर, शेवग्याच्या बुंध्यावरसुद्धा. सखुबाईनं त्यांनाही पाणी दिलं. मागच्या तळ्यावर कुणी खूण केली नाही. त्याची गरजच नव्हती. नकाशात तळं होतं, जागेवर तळं होतं. साऱ्या घरात कायद्यानं राहणारा असा एकटा तो जिताडाच उरला होता, बाकी सगळे बेकायदा.

दुपारी जीवन डंपर उभा करून आला, भिंतीवरची खूण बघितली, आणि सरळ माळ्यावरून पाग काढला. जेवायला बोलावणाऱ्या आईकडे त्यानं बघितलंही नाही. चांगदेव तळ्याच्या काठावर बसला होता.

"सरका बाबा," जीवन म्हणाला. "काढतो त्याला. आता कुठला साहेब यायचा राहिलाय? आज आपनच खाऊ. याच्यापायी घर गेलं, निदान घास तरी लागू दे तोंडाला."

चांगदेव सरकला नाही. त्यानं पोराच्या हातातल्या पागाची दोरी धरली. ओढली नाही, नुसती धरून ठेवली.

"त्याला राहू दे, जीवन," तो म्हणाला. "आपल्या घरातलं कोनतरी एक हितं राहिलं पायजे."

जीवन उभाच राहिला. मग पाग खाली टाकून बापाशेजारी बसला, आणि आतून सखुबाई भाकरी गार होते म्हणून दोघांना हाका मारत राहिली.