तीन सेकंद आधी

आमच्या आइस हॉकीच्या रिंकवर सगळ्यात सोपं काम माझं. बर्फावर खेळाडूनं आगळीक केली की पंच त्याला माझ्याकडे पाठवतो. मी दार उघडतो, तो आत शिक्षेच्या बॉक्समध्ये बाकावर बसतो, मी दार लावतो. दोन मिनिटं झाली की परत उघडतो आणि तो खेळायला जातो. सव्वीस वर्षं हेच करतोय. दर मॅचला एक हॉट डॉग मिळतो, कॉफी पाहिजे तेवढी, आणि गाडी लावायला पायरीपाशी जागा. एकाहत्तराव्या वर्षी माणसाला आणखी काय पाहिजे?

सोपं आहे म्हणून कुणालाही जमेल असं मात्र नाही. आत आलेला माणूस घामानं निथळत असतो, तोंडात रक्त असतं, आणि पंचाच्या खानदानाचा जो काही उद्धार चाललेला असतो तो दोन मिनिटं ऐकून घ्यावा लागतो. आमचा रिंक लहान, त्यामुळे आपल्यांचा बॉक्स आणि पाहुण्यांचा बॉक्स, दोन्ही दारं माझ्याकडेच. बॉक्समध्ये बोललेलं बाहेर सांगायचं नाही, हा नियम. तो कुठंही लिहिलेला नाही, त्यामुळे तो सगळे पाळतात.

न लिहिलेला आणखी एक नियम आहे. माझ्या आधी या दारावर एइनो म्हातारा होता. त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "आपला असला की एक सेकंद आधी. त्यांचा असला की एक सेकंद उशिरा. कुणी विचारलंच तर म्हणायचं, थंडीनं कडी अडकते." थोडक्यात काय, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. सव्वीस वर्षांत मला कुणीही विचारलं नाही. कडी बिचारी एकदाही अडकली नाही.

फेब्रुवारीतल्या त्या मॅचला तिसऱ्या डावात दोन-दोन बरोबरी होती, आणि आत आला नोएल रॉबिशो. नोएल आमचा बचावपटू, चौतीस वर्षांचा, गुडघे पन्नाशीचे. हा त्याचा शेवटचा हंगाम होता. पुढच्या वर्षी त्याला सहायक प्रशिक्षक करायचं क्लबनं कबूल केलं होतं. स्वभावानं गाय, पण शिंगं असलेली.

"काय म्हातारबा, कॉफी एकट्यानंच?" बाकावर बसत तो म्हणाला.

"शिक्षा भोगायला आलायस. पाहुणचाराला नाही."

"अरे, मी पाडलं नाही त्याला. त्याचाच पाय आडवा आला."

"सगळ्यांचेच येतात."

दोन मिनिटं संपत आली तेव्हा चकती घेऊन पाहुण्यांचा टोबी ओलेस्की कठड्याच्या कडेकडेनं आमच्याच दाराकडे येत होता. बावीस वर्षांचं पोरगं, वाऱ्यासारखं पळणारं. मान वळवून वर कुठंतरी बघत होतं. नोएल उठून उभा राहिला. मी कडीला हात घातला.

"थांब, अजून वेळ आहे," नोएल म्हणाला.

"जा रे," मी म्हणालो. "तो बघत नाहीये."

आणि दार उघडलं. एक सेकंद आधी. म्हणजे दोन. आता लपवून काय करायचंय, तीन.

नोएलनं चार ढांगा टाकल्या आणि धडक दिली. टोबीच्या छातीवर बसायचा खांदा जबड्यावर बसला. पोरगं पडलं ते हात न टेकता पडलं, आणि त्याचं हेल्मेट घरंगळत माझ्या दारापाशी आलं. दोन हजार माणसं ओरडत होती, ती गप्प झाली. नोएल तिथंच गुडघ्यावर बसला आणि डॉक्टरला हाका मारायला लागला. शिट्टी वाजेपर्यंत शिक्षेच्या घड्याळात शून्य झालं होतं, त्यामुळे घड्याळाबद्दल कुणी काही बोललं नाही. पंचानं नोएलला मॅचमधून बाहेर काढलं. मी दार लावलं.

दुसऱ्या दिवशी ती धडक टीव्हीवर देशभर दाखवली. सरळ, मग सावकाश, मग आणखी सावकाश. डोनटच्या दुकानात माणसं वर्तमानपत्रावर कपानं गोल काढून कोपराचा कोन मोजत होती. खांदा आधी लागला की कोपर? पाय बर्फावरून सुटले होते का? जन्मात स्केट न घातलेला फार्मसीवाला म्हणाला, "आजन्म बंदी घाला." त्याचा भाऊ म्हणाला, "मग फुगड्या खेळायला सांगा ना सगळ्यांना." चित्र सुरू व्हायचं तेव्हा नोएल बर्फावर आलेला असायचा. दार चित्रात नव्हतंच. मी माझा डोनट खाल्ला आणि घरी आलो.

माझी बायको आयरीन हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आहे. टोबीला विमानात बसायची परवानगी नव्हती, म्हणून तो आमच्याच गावात पडून होता. पाचव्या दिवशी बटाटे सोलता सोलता ती म्हणाली, "पोराचं काही खरं नाही बाई."

"का? काय झालं?"

"खोलीत अंधार करून ठेवलाय. उजेड सोसत नाही. आणि सारखं एकच म्हणतं, तीन सेकंद होते, तीन सेकंद होते. सगळे सांगून थकले की बाबा, वेळ संपली होती. डॉक्टर म्हणतात, आठवणीत घोटाळा झालाय. आता त्यालाही तसंच वाटायला लागलंय. काल आईला म्हणाला, माझं डोकं गेलं."

मी काटा खाली ठेवला.

"आयरीन, तीन सेकंद होते."

ती आधी बटाट्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिला मला समजावून सांगावं लागलंय, मला तिला कधीच नाही.

"मेल्या," ती म्हणाली, "मग इथं काय बसलायस? सांग की!"

सांगायचं ठरवलं. पण कुणाला, हे कळेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसे सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटायचं, आणि कुणीच बघत नव्हतं. शेवटी क्लबच्या मॅनेजर डोरीनचाच फोन आला. लीगच्या खेळाडू-सुरक्षा विभागापुढं नोएलची सुनावणी होती. पाहुण्यांचं म्हणणं, नोएलनं बॉक्समध्ये बसून ठरवून हे केलं. तेव्हा मी साक्ष द्यायची.

"तू एवढंच सांगायचं विल्फ, की तो शांत बसला होता. धमकी नाही, शिवी नाही. दहा मॅचच्या बंदीवर निभावेल. दहानंतरही हंगाम थोडा उरतो, आणि प्रशिक्षकपदाला धक्का लागत नाही. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो. मला वाटलं, सगळं एका दगडात होईल. मी खरं सांगीन, नोएलची शिक्षा कमी होईल, पोराला कळेल की डोकं ठिकाणावर आहे, आणि माझं जे व्हायचं ते होईल. दार जाईल. रात्री झोप तरी येईल.

सुनावणी डोरीनच्या ऑफिसात, पडद्यावर. तिकडे टोरांटोला प्रुइट नावाचे गृहस्थ. स्वतः चौदा वर्षं खेळलेले, नाक तीन ठिकाणी वळलेलं. इकडे नोएल टाय लावून, आजारी माणसासारखा. त्यानं सांगितलं की मला त्याच्या छातीवर आदळायचं होतं, चुकलं, आणि मला रोज तेच दिसतं. मग माझी पाळी आली.

"मिस्टर कांगास, बॉक्समध्ये खेळाडू काय म्हणाला?"

"म्हणाला, थांब, अजून वेळ आहे."

डोरीननं माझ्याकडे पाहिलं. हे ठरलेलं नव्हतं.

"मी तीन सेकंद आधी दार उघडलं," मी म्हणालो. "तो थांब म्हणत होता. मीच म्हणालो, जा रे, तो बघत नाहीये. मी सव्वीस वर्षं आधीच उघडतोय. तेव्हा शिक्षा करायची तर मला करा."

प्रुइटनी पेन घेतलं. "तुमचे नेमके शब्द परत सांगाल?"

मला बरं वाटलं. चला, कुणीतरी ऐकतंय. मी सावकाश, शब्द सुटे करून सांगितलं, "जा. रे. तो. बघत. नाहीये."

"आणि रॉबिशोनं हे ऐकलं?"

"ऐकलं ना. एका हातावर तर होता."

"आणि ऐकून तो गेला."

"हो."

"धन्यवाद. आणखी काही विचारायचं नाही."

"आणि माझं काय?"

"तुमचं काय?"

"शिक्षा."

प्रुइटनी शेजारचं पुस्तक चाळलं. चाळलं हे खरं, उगाच कशाला खोटं बोलू. "आमचे नियम खेळाडू, प्रशिक्षक आणि क्लबचे अधिकारी यांना लागू आहेत. दारावरचा माणूस रिंककडे येतो."

रिंक नगरपालिकेचा. नगरपालिकेकडे शिक्षा एकच, चुकीच्या जागी गाडी लावल्याची, आणि माझी गाडी बरोबर जागी होती.

निकाल दुसऱ्या दिवशी आला. दारवाल्याच्या जबानीवरून असं सिद्ध होतं, की समोरचा खेळाडू बेसावध आहे हे रॉबिशोला आधीपासून माहीत होतं. बेसावध माणसावर जाणूनबुजून धडक. सबब दहाऐवजी बावीस सामने बंदी. दार वेळेआधी उघडल्याचा आरोप पडताळता आला नाही, आणि धडकेशी त्याचा संबंध नाही. म्हणजे मी एवढं पोट उघडं करून दाखवलं, त्यातलं नोएलला बुडवणारं वाक्य तेवढं खरं ठरलं. बावीस सामने म्हणजे हंगाम संपला आणि नोएलचा खेळ संपला. संध्याकाळी डोरीननं त्याला सांगितलं की प्रशिक्षकपदाचा विचार तूर्त पुढे ढकललाय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर नोएलही संन्यासी नव्हता. पण चोर सोडला हे नक्की.

नोएल रिंकमागच्या आवारात त्याच्या ट्रकमध्ये स्केट टाकत होता. मी जाऊन उभा राहिलो.

"बावीस," तो म्हणाला. "त्यातल्या बारा तुझ्या, म्हातारबा."

"मला दे."

"देता येत असत्या तर कालच दिल्या असत्या." त्यानं ट्रकचं फळकं वर ढकललं. "खोटं नाही बोललास. मी ऐकलं आणि मी गेलो. तू म्हणालास म्हणून खांदा एवढा वर नाही उचलायला पाहिजे होता मी."

"मी दार उघडायला नको होतं."

"नको होतं," नोएल म्हणाला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं गाडी सुरू केली, काच खाली केली. "त्या पोराला भेटलायस का? मला आत सोडत नाहीत."

मला सोडलं. आयरीननं जेवणाच्या गाडीबरोबर मला आत नेलं आणि खोलीच्या दाराशी पाठीत बोट खुपसलं. खोलीत अंधार. टोबी काळा चष्मा लावून उशीला टेकला होता. त्याची आई, लॉरेटा, सॅस्कॅचेवानहून आलेली, खुर्चीत कोट अंगावर घेऊन बसली होती. मी नाव सांगितलं आणि मी कोण ते सांगितलं. दारावरचा.

"तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही," मी म्हणालो. "म्हणजे झालंय. पण तुला आठवतं ते बरोबर आहे. तीन सेकंद होते. मी दार आधी उघडलं."

त्यानं मान आईकडे वळवली. "मॉम," तो म्हणाला, "मी वेडा नाहीये." लॉरेटानं त्याचा पाय पांघरुणावरून घट्ट धरला.

मला गप्प बसता आलं असतं. पण एकदा सुरू झालं की म्हातारा माणूस थांबत नाही. "मी नोएलला म्हणालो, जा, तो बघत नाहीये. तू मान वर करून कुठंतरी बघत होतास. म्हणून मी..."

"बघत होतो की," टोबी म्हणाला. "घड्याळाकडे बघत होतो. तीन दिसले, म्हणून म्हटलं, दार बंद आहे. त्या बाजूनं कुणी येणार नाही."

सबंध रिंकमध्ये घड्याळाकडे बघणारा तो एकटा होता. आणि तेवढंच तर माझं काम होतं. मला फार लाज वाटली. मी लॉरेटाकडे पाहिलं. म्हटलं, ही तरी देईल काहीतरी. शिवी, थप्पड, काहीही.

ती उठली. कोटाची बटणं लावली. खिडकीचा पडदा दोन बोटं सरकवला आणि उजेडाची एक पट्टी पलंगावर पडली.

"डॉक्टरांनी रोज दहा मिनिटं उजेड सांगितलाय," ती म्हणाली. "धड दहा. जास्त झाला तर उलट्या होतात, कमी झाला तर सवय होत नाही. मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. तुम्ही बसा. वेळ झाली की पडदा लावा." दारापाशी जाऊन तिनं मागं पाहिलं. "जमेल ना?"

"जमेल."

मी घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं. टोबीनं चष्मा काढला आणि डोळे किलकिले करून त्या पट्टीकडे तोंड केलं. जबड्यात तारा होत्या, तरी तो थोडं हसला असं मला वाटलं. नऊ मिनिटं सत्तावन्न सेकंदांना माझा हात आपोआप पडद्याच्या दोरीकडे गेला. तो मी दुसऱ्या हातानं धरला. तीन. दोन. एक. मग पडदा लावला.

"झाली?" त्यानं विचारलं.

"बरोबर दहा."

"उद्या याल?"

उद्या याच वेळेला आमच्या रिंकवर मॅच होती. मी म्हटलं, येतो. दारावर बसायला काय, कुणीही मिळतं.