जीपला जुंपलेली शर्यतीची जोडी

जीपला बैल जुंपले होते म्हटलं की लोक हसतात. हसू देत. त्या जीपचा ड्रायव्हर मी, आकाराम, आणि त्या दिवशी मला एकदाही हसू आलं नाही.

साल चौऱ्याहत्तर. नेसरीच्या पलीकडच्या आमच्या गावाला सरकारनं आरोग्य केंद्र दिलं, जीप दिली, जीपला मला दिलं. डॉक्टरची जागा रिकामी होती, म्हणून नर्स अंजना सिस्टरच सगळं बघायच्या. पण पेट्रोलचा भाव भडकला आणि वर्षाची ग्रँट शिमग्याआधीच संपली. वरून उत्तर आलं, एप्रिलपर्यंत थांबा. म्हणजे घोडा दिला आणि वैरण मागितली तर म्हणे उपास धरा. मी रोज जीप पुसायचो आणि मनातल्या मनात सगळ्या खात्यांना शिव्या घालायचो.

अशात एका सकाळी रफिक पिंजारी धापा टाकत आला. त्याची बायको मलिका, नऊ महिने भरलेली, तिच्या अंगावरून रक्त जायला लागलं होतं. सिस्टरनी घरी जाऊन तपासलं आणि बाहेर आल्या.

"तालुक्याला न्यायला पायजे. पोट फाडूनच मूल काढावं लागंल," त्या म्हणाल्या. "आनि वाटंत हादरा बसता कामा न्हाय. बसला तर दोघंबी जातील."

बैलगाडी म्हणजे लोखंडी धावेची चाकं, आणि आमचा रस्ता खडीचा. जीपला निदान रबरी टायर होते, खाली स्प्रिंगा होत्या. गावातल्या एकुलत्या एका फटफटीतलं पेट्रोल काढून आम्ही जीपमध्ये ओतलं. रफिकनं नव्या कापसाची गादी मागं अंथरली. मलिकाला निजवलं, तिची सासू हुसेनबी उशाशी बसली, सिस्टर पायाशी. जीप वेशीपर्यंत गेली, दोन आचके दिले आणि बंद पडली. पंप होता तो तालुक्यालाच.

 हुसेनबीनं नुसतं माझ्याकडं बघितलं. सरकारी नोकरीची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

गावातली बाकीची जनावरं ऊस घेऊन कारखान्यावर गेलेली. तेवढ्यात ओढ्यावरून श्रीपाल अण्णा आपली जोडी धुऊन घेऊन आले. शर्यतीचे खिलार ते, नांगराला कधी जुंपलेले नाहीत. अण्णा जैन, त्यांच्या घरात चाबूक नाही. बैलांना त्यांनी नुसत्या हाळीवर पळायला शिकवलं होतं. कुणी जोरात ओरडलं की जोडी उधळलीच म्हणून समजा. आठ दिवसांवर शर्यत होती आणि अण्णा वर्षभर तिच्याकडं डोळे लावून बसले होते.

अण्णांनी जीपमध्ये डोकावून बघितलं.

"सोल आणा. जाडजूड दोर बघून," ते म्हणाले.

"अण्णा, जू घासून मान सोलंल बैलांची. शर्यतीचं काय?" मी म्हणालो.

"तू ब्रेकवर पाय ठेव, आकाराम. आनि कुनी आवाज करायचा न्हाय. एकजण जरी वराडला तरी ही पळत्यात. मागं पोरगी हाय."

सोलानं जू जीपच्या पुढच्या बंपरला बांधलं आणि जोडी जुंपली. त्या दिवशी मी गाडी चालवली नाही, नुसती आवरली. उतारावर जीप बैलांच्या खुरांवर जाऊ नये म्हणून ब्रेक दाबायचा, चढावर सोबत आलेले लोक मागून रेटायचे. अण्णा पुढं चालत होते, हात बैलांच्या मोरक्यावर, ओठ हलत होते. णमोकार म्हणत असावेत. रफिक सायकलवरून पुढं गेला, वाटेतल्या गावांना गप्प राहा म्हणून सांगायला. मला ते काही खरं वाटत नव्हतं. आमच्याकडं माणूस कानात बोलला तरी पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं.

पहिलं गाव आलं आणि मी बघतच राहिलो. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी, तोंडावर हात ठेवून. पिठाची गिरणी बंद. कुत्र्यांनासुद्धा कुणीतरी घरात कोंडलेलं. चढ लागला की चार अनोळखी गडी शब्द न बोलता पुढं व्हायचे, रेटायचे आणि बाजूला व्हायचे.

पुढं समोरून एसटी आली. ड्रायव्हरचा हात हॉर्नकडं गेला, मी ब्रेक दाबून धरला. त्यानं बैल बघितले, मागची गादी बघितली, इंजिन बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

नेसरीत त्या दिवशी बाजार होता. मिरचीवाले, भांडीवाले, बैलांचे दलाल, एरवी ज्यांचा आवाज वेशीबाहेर ऐकू येतो ती सगळी माणसं उभीच्या उभी गप्प झाली होती. भर बाजारात मला माझ्या टायरखालची खडी चुरचुरताना ऐकू आली.  देवळातही मी आमची माणसं इतकी शांत बघितली नव्हती.

आणि सगळ्यात गप्प होती मलिका. मी आरशात बघत होतो. कळ आली की ती पदर दातात धरायची, डोळ्यांतून पाणी वाहायचं, पण तोंडातून हूं की चूं नाही. तिच्या एका किंकाळीनं बैल उधळले असते, हे तिलाही ठाऊक होतं. त्या बाईपुढं मला आम्ही सगळेच लहान वाटलो.

तालुक्याच्या दवाखान्यात तिला उचलून आत नेलं. मोठे डॉक्टर दारात क्षणभर थबकले, जीपला बांधलेल्या जुवाकडं बघून म्हणाले, "हे काय?"

"आमची पेट्रोलची ग्रँट, साहेब," मी म्हणालो. ते आत पळाले. पुढं जिल्ह्याच्या बैठकीत त्यांनीच भांडून अडलेल्या बायकांसाठी पेट्रोल वेगळं राखून ठेवायला लावलं.

अण्णांनी बैल सोडून लिंबाला बांधले. दोघांच्या माना सोलून निघाल्या होत्या. ते हळद-तेल लावत बसले. आता ओरडायला हरकत नव्हती, तरी आवारात कुणी बोलेना.

मग आतून पोराचं रडणं आलं. खणखणीत. बैलांचे कान उभे राहिले, दोघांनी दाव्याला हिसडा दिला. अण्णांनी त्यांच्या गळ्याला मिठी मारून दाराकडं बघितलं. अंजना सिस्टर बाहेर आल्या, घामानं थबथबलेल्या.

"दोघंबी हाईत," त्या म्हणाल्या.

अण्णांनी दावी सोडली. आत पोर रडत होतं आणि बाहेर त्या हाळीवर जोडी शेपट्या उंचावून आवारभर पळत होती. त्या वर्षी अण्णांची जोडी एवढीच पळाली.