थेंबबाबाची वाटी

"काळं झालं! बघा, काळं झालं!"

सभागृहात एकच गलका उठला. मागचे लोक खुर्च्यांवर चढले. टेबलावरच्या पांढऱ्या वाटीत पाण्यात भिजवलेला पाव होता, आणि त्यावर थेंबबाबाने टाकलेला तांबूस थेंब बघता बघता शाईसारखा काळा पडला होता.

"दारू!" बाबा हळहळला. "पीठ आंबवताना आत शिरली आणि बसली लपून. पण माझ्या थेंबापुढे कुणाची लपवाछपवी चालत नाही, माउलींनो. थेंब बोलतो. मी नुसता ऐकतो."

बाबा नुसता ऐकत असता तर फार बरं झालं असतं. पण त्याच्या तोंडाला विसावा नव्हता. एक चेला अत्तराचे फवारे मारत फिरत होता, दुसरा वाट्या पुसून टेबलावर मांडत होता.

ही वसाहत कोल्ड्रिंकच्या कारखान्यातल्या कामगारांची. इथल्या बायकांनी भांडून दारूचं दुकान बंद पाडलं होतं आणि दारादारांवर पाट्या रंगवल्या होत्या, 'या घरात थेंबही नाही'. वसाहतीला त्याचा केवढा अभिमान! बाबाने नेमका त्यालाच हात घातला. दुकान बंद केलंत, पण पावाचं काय? पिकलेल्या केळ्यांचं काय? तुम्हीच भरता त्या बाटल्यांचं काय? या सगळ्यांत अल्कोहोलचा अंश असतो हे खरंच आहे. बाबाने त्या चिमूटभर खऱ्यावर खोट्याचे चार मजले चढवले होते.

रांगेत सिरपवाला उभा होता. कारखान्यात तो सिरप बनवायच्या खोलीत कामाला, म्हणून सगळे त्याला सिरपवालाच म्हणत. सुगंधाचा अर्क स्पिरिटमध्ये विरघळवलेला असतो हे त्याला ठाऊक होतं. डबा उघडला की नाकाला झोंबायचं. तो अर्क खोलीएवढ्या टाकीत किती जातो आणि एका बाटलीत किती उरतो, हा हिशोबही त्याला येत होता. पण माणूस एकदा घाबरला की हिशोब कुठला करतोय? एके काळी तो स्वतः अट्टल पिणारा. मुलगी झाली त्या दिवशी त्याने सोडली. त्या मुलीला आता आकडी यायची, आणि आकडीच्या औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरांत त्याने 'अल्कोहोल' हा शब्द वाचला होता.

त्याने सोबत आणलेलं ते औषध बाबाने वाटीत ओतलं, वर थेंब टाकला. काळंकुट्ट!

"अरेरे," बाबा म्हणाला, "तू दारू सोडलीस, पण लेकीला पाजतोयस. तीही चमच्याने! मग पोरीला आकडी येणार नाही तर काय येणार?"

सिरपवाल्याने वाटी जवळ ओढून पुन्हा पाहिली. बाबाने त्याच्या हातावर एक लहानशी बाटली ठेवली. सकाळ-संध्याकाळ एक थेंब मुलीच्या कपाळाला लावायचा, आणि ते विष बंद.

घरी बायकोने त्याचा हात धरला. "अहो, डॉक्टरांनी बजावलंय, एक वेळही चुकवायची नाही."

"माझ्या हाताने पाजली मी तिला. आता नाही पाजणार," म्हणत त्याने बाटली मोरीत रिकामी केली. बायको रडत राहिली. त्याला तर रडूही येईना.

पहिला दिवस बरा गेला आणि त्याला वाटलं, आपण मुलीला वाचवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला आकडी आली ती थांबेचना. रिक्षात मुलीला मांडीवर घेऊन तो आठवेल त्या देवाला साकडं घालत होता. इस्पितळात सुया टोचल्यावर अंग शांत झालं, पण डोळे मिटलेलेच.

"औषध चालू होतं ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी बंद केलं," तो म्हणाला. "त्यात दारू आहे."

"अहो, औषध विरघळावं म्हणून थोडं अल्कोहोल असतं त्यात. किती चालतं हे बघूनच आम्ही देतो. पिकलेल्या केळ्यात, पावात असतं, फळांच्या रसात असतं. अन्न पचताना आपल्या पोटातही चिमूटभर तयार होतं. तेवढ्याने आकडी येत नाही. आकडीचं औषध एकदम बंद केलं की मात्र येते, आणि अशी येते."

त्या गेल्या. सिरपवाला खाटेशी बसून राहिला. पटत होतं आणि पटत नव्हतं. शेवटी त्याने खिशातून बाबाची बाटली काढली. बुडत्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय? घाईघाईत बूच काढताना थेंब कपाळावर पडायच्या ऐवजी चादरीवर पडला, आणि काळानिळा झाला.

"ताई! चादरीतसुद्धा आहे!" तो ओरडला.

ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण, शाळेत विज्ञान शिकवणारी. बातमी कळताच धावत आली होती, आणि बाबाच्या पावाची, वाट्यांची सगळी हकीकत बहिणीकडून ऐकून होती. तिने चादरीचा कडक कोपरा चिमटीत धरून पाहिला.

"दारू नाही हो, कांजी आहे. इस्पितळाच्या चादरी कांजी घालून कडक करतात. कांजी म्हणजे स्टार्च. आयोडीन स्टार्चवर पडलं की असं काळंनिळं होतं. मुलांना मी हेच बटाट्याच्या फोडीवर दाखवते. पावात स्टार्च असतंच."

"पण औषधात? त्यात कुठलं स्टार्च?"

"वाटी कुणाची होती?"

त्याला सभागृहातलं टेबल आठवलं. वाट्या बाबाच्या. चेल्याने पुसलेल्या. म्हणजे आतून कांजीचा हात फिरवलेल्या.

ताईने बाटली त्याच्या नाकाशी धरली. "वास घ्या."

सभागृहात अत्तराने दडपलेला आणि घरी भीतीपोटी लक्षातच न आलेला वास आता मोकळा झाला होता. आधी औषधी दर्प, आणि त्याच्याखालून स्पिरिट! इतकी वर्षं ज्याच्यापायी घालवली तो वास तो झोपेतही ओळखला असता.

"टिंक्चर आयोडीन," ताई म्हणाली. "स्पिरिटमध्येच बनवतात. दारू शोधणारा थेंबच निम्मा दारू आहे."

बायको मुलीजवळ थांबली. हे दोघं सभागृहात पोचले तेव्हा रांग दारापर्यंत आली होती. ताईने पर्समधून स्वतःचा काचेचा पेला काढला, त्यात लिंबाचं कोल्ड्रिंक ओतलं आणि बाटलीतला थेंब टाकला. नुसता तांबूस रंग. मग टेबलावरची बाबाची वाटी उचलली, नळाच्या साध्या पाण्याने भरली आणि थेंब टाकला. काळं!

"अविश्वासाची बाधा झाली आहे!" बाबा गरजला.

"कुणाला? नळाला?" कुणीतरी मागून विचारलं, आणि पहिल्यांदाच त्या सभागृहात हशा पिकला.

सिरपवाल्याने बाबाचा थेंब चमच्यात घेतला, खालून जरा तापवला आणि काडी लावली. निळसर ज्योत उठली. हसू जागच्या जागी थांबलं. चेले वाट्या गोळा करायला लागले, पण दोन-तीन बायकांनी दार अडवून धरलं.

"ऐका," सिरपवाला म्हणाला. "पावात असतो अंश. आपल्या बाटल्यांतही असतो. मी रोज त्याच कामावर आहे, मला माहीत होतं. पण किती असतो आणि त्याने काय होतं, हे मी कुणालाच विचारलं नाही. वाटी कुणाची, तेही विचारलं नाही. तुम्ही विचारा. मला, डॉक्टरांना, ताईंना, कुणालाही विचारा. विचारल्याशिवाय घरातलं औषध फेकू नका."

रांगेत एक बाई मुलाला कडेवर घेऊन उभी होती. मुलाच्या छातीतून घरघर ऐकू येत होती, तिच्या मुठीत औषधाची बाटली होती.

"तुमची मुलगी बरी आहे ना आता?" तिने हळूच विचारलं.

"अजून डोळे उघडले नाहीत तिने," तो म्हणाला. "तुमच्या मुलाला औषध द्या. इथेच द्या. मी पाणी आणतो."