लोखंडाला कळलेले मीठ

मित्रांनो, मला हात लावणार असाल तर जपून लावा, बोटे लाल होतील. मी एक जुनी कुदळ आहे. कोलशेतला खाडीकाठच्या एका घरामागे, कागदी लिंबाच्या झाडाला टेकून पडलेली असते. टोक बोथटले, पात्याचे पापुद्रे सुटले, दांडा तर केव्हाच चुलीत गेला. दमले आहे मी. पण पडल्यापडल्या बोलायला काही जोर लागत नाही, म्हणून सांगते.

कल्याणच्या एका लोहाराने मला घडवले, तापवून पाणी पाजले आणि शहाडच्या पंढरीने मला विकत घेतले. उल्हास नदीच्या काठाला त्याचा भाजीचा मळा होता. नदीने आणून टाकलेली ती गाळाची माती इतकी मऊ, की तिच्यात शिरताना मला आपण काम करतो आहोत असे वाटायचेच नाही. चिखलासकट कोपऱ्यात पडून राहिले तरी सकाळी चिखल झटकताच मी चकचकीत असे. पंढरीची लेक शालू माझ्यात वाकून तोंड बघायची आणि बापाच्या शिव्या खायची. तेवढेच काय ते माझे सुखाचे दिवस.

स्वराज्य मिळाले त्याच्या आगेमागे शालूचे लग्न झाले. नवरा कोलशेतचा विश्राम. त्याचा बाप राघो जन्मभर मिठागरात राबलेला. पंढरीच्या घरात एक रीत होती. लेकीने माहेरचे लिंबाचे रोप न्यायचे आणि सासरच्या परसात आपल्या हाताने लावायचे. रोपाने मूळ धरले की लेकीनेही धरले, असे समजत. म्हणून शालूबरोबर रोप आले, आणि हाताच्या सवयीची म्हणून मीही आले.

राघोच्या घरचीही एक रीत होती. नवी जागा खणली की घरातल्या थोरल्याने चिमूटभर माती जिभेवर ठेवायची आणि निकाल द्यायचा. मी परसातले पहिले ढेकूळ उलटले. राघोने माती चाखली, मान हलवली, म्हणाला, “गोडी हाय.” झाले. त्याच्या शब्दापुढे घरात कोण बोलणार? आणि मागच्या बांधाआड खारातला भात, खाऱ्या जमिनीतही तगणारा, येत होता, तेव्हा लिंबू न यायला काय झाले, असे सगळ्यांनी धरले.

शालूने रोप लावले, पण त्याची पाने कडेने करपली, मग गळाली. पंढरीने दुसरे रोप पाठवले, तेही वाळले. आता सासू आवडाबाईने तोंड सोडले. सुनेच्या हाताला गुण नाही म्हणाली. पेरणीला भाताचे बियाणे काढले तेव्हा शालूला त्या टोपलीजवळ फिरकू दिले नाही. शेजारणींसमोर लेकाचे दुसरे लग्न करण्याचीही भाषा झाली. विश्राम जमिनीकडे बघत राही. मला त्याचा राग यायचा, पण मी पडले कुदळ.

तिच्या स्वयंपाकालाही नावे ठेवत. रोज कालवण अळणी, असे राघो म्हणे. पानात मिठाचा खडा घेऊन बसे आणि कालवणात कुस्करी.

आणि माझे काय चालले होते? त्या मातीतून निघाले की दुसऱ्या सकाळी माझ्या पात्यावर लाल बुरा धरलेला असे. मित्रांनो, मला ते झोंबत होते. भरतीचे पाणी बांधाखालून पाझरत होते आणि ती माती मिठाने भरलेली होती. मला पहिल्याच घावाला कळले होते, पण सांगणार कशी?

एका सकाळी राघोने मला उचलले आणि बोटे लाल झाली तशी सुनेला हाक मारली. माहेरची वस्तू, तीही नीट ठेवता येत नाही का, असे बरेच बोलला. शालूने ऐकून घेतले. मग वाकली, वाळलेल्या रोपाच्या बुडातली माती जिभेवर ठेवली, आणि थुंकली. सासऱ्यासमोर थुंकली. आवडाबाई दारातच उभी राहिली.

“मामा, मी तिला पुसूनच ठेवलेली,” शालू म्हणाली. “माहेरी ही चिखलात पडायची, तरी लाल झाली नाय. माती खारी हाय. तुमच्या जिभेला मीठ कळत नाय, मामा. लोखंडाला कळतं.”

 राघो मला घेऊन तसाच बसून राहिला, अंगठ्याने माझा गंज खरवडत. दुपारी तो जेवायला बसला तेव्हा पानात मिठाचा खडा नव्हता. कालवण त्याने तसेच खाल्ले, मला वाटते बराच जड घास होता तो.

मग मात्र मला उसंत मिळाली नाही. बांधाची भगदाडे बुजवली, परसातून खाडीकडे चर काढला, पावसाळाभर माती धुऊन जाऊ दिली. घोडबंदरच्या वाटेवरच्या टेकडीवरून विश्रामने तांबडी माती वाहून आणली आणि उंच ओटा केला. तिथवर येता येता माझे निम्मे पाते त्या खाराने खाल्ले होते.

तिसरे रोप आले त्या दिवशी राघोने सवयीने माती चिमटीत घेतली. हात तोंडापर्यंत गेला आणि थांबला. मग त्याने तो सुनेपुढे धरला.

“माजी जीभ मेली गो,” तो म्हणाला. “तू चाख.”

शालूने चाखली. डोळे भरून आले होते तिचे. “गोडी हाय, मामा.”

पुढल्या पेरणीला आवडाबाईने बियाण्याची टोपली शालूच्या हातात दिली. माफी वगैरे कोणी मागितली नाही. ते लिंबू आता कौलाला लागले आहे, आणि त्या घरात माती चाखायचा मान सुनेचा आहे.

मित्रांनो, मी साक्ष दिली आणि गळून गेले. तक्रार नाही, थकवा आहे. तुमच्या परसात रोप वाळले तर लावणाऱ्याच्या हाताला बोल लावू नका. खाली वाका, माती हातात घ्या, तिला काय झाले ते विचारा. आणि संध्याकाळी घरात जाण्याआधी आपली कुदळ एकदा पुसून ठेवा. शालू अजूनही मला पुसते, आता पुसण्यासारखे काही उरलेले नसताना.