आधी दंड मोज

माझी धाकटी बहीण हॉटेलच्या काउंटरवर उभी राहते. तिचा गणवेशाचा कोट नऊ वर्षं मीच आत घेते, मीच बाहेर सोडते. पाच वेळा आत, पाच वेळा बाहेर. बगलेखाली जुन्या टाक्यांची भोकं अजून दिसतात.

"ताई, शुक्रवारपर्यंत दोन इंच आत घे," माझ्या शिलाईच्या दुकानात शिरता शिरताच ती म्हणाली. सहा आठवडे काकडी आणि गरम पाणी. चेहरा सुकलेला. "आणि या वेळी आतलं जादा कापड कापूनच टाक. परतायची सोयच नको."

"कापते. मग चार महिन्यांनी काय घालशील? माझ्या दुकानाचा पडदा?"

ती हसली आणि हसता हसता कापायच्या टेबलाची कड धरून खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी. बरगडीखाली उजवीकडे कळ येते, हेही तेव्हाच कळलं. महिनाभर लपवलं होतं बाईने.

त्यांच्या हॉटेलात दरवर्षी सगळ्यांत जास्त वजन उतरवणाऱ्याचा फोटो भिंतीवर लावतात. लावणारा मॅनेजर स्वतःचं पोट टेबलावर ठेवून बसतो, ते सोडा. वजन परत येतं, फोटो मात्र भिंतीवरच राहतो. मग हिने रोज स्वतःच्याच जुन्या फोटोखाली उभं राहून गिऱ्हाइकांना हसून दाखवायचं. लोक याला प्रोत्साहन म्हणतात. मी याला छळ म्हणते.

तिला पाणी पाजून मी टेप काढला. काम कमरेचं असलं तरी माप अख्खं घ्यायचं, ही माझ्या उस्तादांची शिस्त. दंड मोजला. साडेदहा इंच. मापाची वही मागे मागे उलटत गेले. साडेदहा, अकरा, साडेअकरा, बारा. कंबर प्रत्येक वेळी परत आली होती, वर एखादा इंच घेऊन. दंड मात्र गेला तो गेलाच.

"नऊ वर्षं लिहीत होतीस," ती वहीत बघत म्हणाली, "एकदाही वाचलं नाहीस?"

आत घ्यायची कंबर, म्हणून मी कंबरच बघत आले. जगही तेच करतं, पण मी तिची बहीण.

त्याच दुपारी तिला वहीसकट दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पानं नीट बघितली.

"वहीवरून निदान होत नसतं," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही आणलीत ते बरं केलंत."

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. रक्तदाबही वाढलेला. बाई समजावून म्हणाल्या, "उपाशी राहून भराभर वजन उतरवलं की खडे व्हायचा धोका वाढतो. अंगातलं मांसही झिजतं. आणि परत चढते ती बहुतेक चरबी."

"म्हणजे मी नऊ वर्षं स्वतःलाच खात होते," धाकटी म्हणाली.

वाटेत तिने सांगितलं, "कोट राहू दे तसाच."

"ढगळ दिसेल."

"दिसू दे."

शुक्रवारी ती यंदाच्या फोटोला उभी राहिली नाही. मॅनेजरला म्हणाली, "साहेब, माझा तो जुना फोटो उतरवा."

"का? छान दिसतेस त्यात."

"म्हणूनच."

पुढे पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. सहा महिने झाले त्याला. ती वेळेवर पोटभर जेवते, डॉक्टरीणबाईंनी शिकवलेला वजनांचा व्यायाम करते. चार किलो वाढली. कोट आता बरोबर बसतो. हॉटेलातल्या दोघी-तिघींनी "अरेरे, परत?" म्हणून झालं. रक्तदाब खाली आलाय. ते त्या विचारत नाहीत.

काल दुकानात आली, बाही वर केली.

"आधी दंड मोज."

टेप लावला. "पावणेअकरा."

"लिही," ती म्हणाली. "आणि मोठ्याने वाच."

मी वाचलं.