लॉकलनने पक्की केलेली वाट

माझा नवरा लॉकलन पेटिग्रू इतका भोळा नसता, तर आज नदीच्या या काठावर आमचं एकच धुराडं उरलं नसतं.

कॅनडातल्या सस्कॅचवान नदीकाठी त्याने पहिलं दुकान टाकलं, तेव्हा इथे नुसतं गवत होतं. मग त्याने होडी आणली. होडीतून माणसं आली, हॉटेल आलं, लोहार आला, चर्च उभं राहिलं. लोक गावाला पेटिग्रूच म्हणू लागले. आम्हाला मूलबाळ नाही. हे गावच त्याचं लेकरू होतं, खोटं कशाला बोलू?

मग बातमी आली, रेल्वे पलीकडच्या काठाने जाणार. सगळे आमच्या दुकानात जमले. लॉकलन म्हणाला, "आपण कुणीच हललो नाही, तर रेल्वेवाल्यांना झक मारत पूल बांधावा लागेल." एकेकाने बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. पहिला हात एझ्रा टोल्मनचा. त्याच्या हॉटेलची पहिली भिंत लॉकलनने स्वतः उभी करून दिली होती.

दर हिवाळ्यात नदी गोठली की लॉकलन बर्फाला भोकं पाडून जाडी बघायचा आणि भक्कम वाटेच्या दोन्ही बाजूंना सूचिपर्णी झाडांची रोपटी रोवायचा. त्यांच्याबाहेर पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती. त्या वर्षी एझ्रा आला.

"लॉकलन, यंदा वाट रुंद कर की. वर पाणी ओतून जाडही कर. पलीकडून गवताच्या गाड्या आणायच्यात."

"किती रुंद?"

"कर चांगली चाळीस फूट."

"चाळीस फूट रुंद गाडी कुठे पाहिलीस रे?" मी विचारलं.

"वहिनी, घोडे फार भुकेले आहेत," तो हसत म्हणाला.

मेल्याचं हसणं मला तेव्हाच कळायला हवं होतं! महिनाभर लॉकलन बादल्यांनी पाणी ओतत होता. एक थर गोठला की दुसरा. हातांची सालटी निघाली. मी त्यांवर लोणी चोळायचे आणि ओरडायचे. तो म्हणायचा, "अगं, गावाचंच काम आहे."

जानेवारीतल्या एका सकाळी आमच्या खिडक्या थरथरल्या. बाहेर पाहते तर काय, हॉटेल चाललंय! अख्खं दुमजली हॉटेल, खाली ओंडके, पुढे सोळा घोडे. धुराड्यातून धूर येत होता, म्हणजे एझ्राची बायको आत खुशाल नाश्ता रांधत होती. चाललं होतं लॉकलनच्या रोपट्यांमधून, बरोब्बर मधोमध.

लॉकलन टोपीशिवाय धावला. "एझ्रा! शपथेचं काय?"

"सगळे राहिले तर, असं ठरलं होतं ना?"

"सगळे होतेच की रे! पहिला तूच निघालास!"

"उगाच हट्ट करू नकोस. उद्या लोहार निघतोय. तुझं दुकानही ओढून देतो."

लॉकलनने नकारार्थी मान हलवली आणि घरी येऊन बूट न काढता बसून राहिला. तो रडला. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

आठवड्याभरात गाव गेलं. चर्च फार जड, म्हणून पाद्री विचारायला आला, बर्फ कुठे पातळ आहे. आणि आमचा शहाणा गेला की! चर्चच्या पुढे चालत त्याने वाट दाखवली. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

वसंतात बर्फ फुटला, रोपटी वाहून गेली. एझ्राने पलीकडून हाका मारल्या, लॉकलनने त्याला होडीतून आणलं. एझ्राचा चेहरा फुललेला.

"स्टेशनवर पाटी लागली. गावाला काय म्हणतात आता, ओळख. पेटिग्रू! मीच सुचवलं. तुझा मान राखला की नाही?"

लॉकलनने हातातला दोर खाली ठेवला. "मग या काठाला काय म्हणायचं?"

"या काठाला? इथे आता राहतं कोण?"

"मी राहतो, एझ्रा."

एझ्रा होडीकडे वळला. परत जायला होडी लॉकलनचीच होती. त्याने एझ्राला पलीकडे नेऊन सोडलं. मी असते, तर मधोमध बुडवला असता. मग लॉकलन परत आला, हात पुसले आणि नेहमीसारखं दुकान उघडलं.